दस्तक, नंबर आणि किल्ली



दोन वर्षांमागची गोष्ट. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला त्यांना त्याची वाच्यता नको आहे. तिथले मासळी वाहणारे एक गृहस्थ, माझ्या चांगल्या परिचयाचे, पहाटे साडेतीनला बर्फ भरण्यासाठी थांबले. टेम्पोची बॅटरी उतरलेली. इंजिन एकदा बंद केले की पुन्हा धक्का मारायला चार माणसे हवीत, म्हणून ते चालूच ठेवले होते. बर्फाची लादी उचलायला ते आत गेले, बाहेर येऊन बघतात तो टेम्पो नाही! नुसता धुराचा वास.

चौकीवर त्यांना तीन प्रश्न विचारण्यात आले. नंबर काय? किल्ली कुठे आहे? कागद कोणाच्या नावावर आहेत? नंबर त्यांना पाठ होता. किल्ली टेम्पोबरोबरच गेली होती. आणि कागद? ते अजून पहिल्या मालकाच्याच नावावर होते. करू, करू म्हणता म्हणता चार वर्षे राहून गेलेले काम.

वाहन कुणाचे, ते चालवण्याचा अधिकार कुणाला, आणि हे ओळखायचे कशावरून, हे प्रश्न आपल्या या किनाऱ्याला नवे नाहीत. मोटार येण्याच्या चारशे वर्षे आधीपासून इथे त्यांच्यावरून लढाया झाल्या आहेत. आज त्याच इतिहासाबद्दल थोडे बोलायचे आहे.

तसे पाहिले तर जुन्या बैलगाडीला कुलूप कधीच नव्हते. लागतही नव्हते. गाडी अंगणात उभी राही आणि तिचे इंजिन गोठ्यात पेंढा खात बसे. चोराला गाडी न्यायची तर बैल हवेत, आणि परक्या माणसाच्या हाकेला बैल सहजासहजी जू घेत नाही. शिवाय पंचक्रोशीत कुणाचा बैल कुठला हे पोराटोरांनाही ठाऊक. शिंगाचा बाक, कपाळावरचा ठिपका, अंगावर दिलेला डाग एवढी ओळख पुरे. होडीचेही तेच. पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवल्या की त्या हलवायला अर्धा कोळीवाडा लागे. मग चोरी करणार कोण आणि लपवणार कुठे?

अडचण सुरू झाली ती लांबच्या समुद्रात. तिथे गलबत ओळखणारे शेजारी नसतात. तिथे कागद लागतो.

हा कागद आपल्या समुद्रावर पहिल्यांदा सक्तीचा केला पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाज केवढे, तोफा किती, जाणार कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. अमुक माल न्यायचा नाही, अमुक बंदरात जकात भरायची, अशा अटीही असत. ज्याच्याजवळ हा कागद नाही ते जहाज पकडायचे, माल जप्त करायचा. आपल्या रेवदंड्याला, म्हणजे खालच्या चौलाला, १५२० नंतर त्यांनी कोट बांधला आणि या किनाऱ्यावरही तोच नियम लागू झाला. दिल्लीपतीही यातून सुटला नाही. अकबराच्या घराण्यातल्या स्त्रिया हजला निघाल्या तेव्हा त्यांनाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावाच लागला. समुद्र कोणाच्या बापाचा, असे विचारण्याची सोय नव्हती, कारण तोफा त्यांच्याकडे होत्या.

पुढे काळ फिरला. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत अलिबागसमोर कुलाब्याच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात त्या किल्ल्यावरून सरखेल कान्होजी आंग्रे कोकणच्या समुद्रावर हुकमत गाजवू लागले, तेव्हा परवाना देण्याचा अधिकार आता आमचा, असे त्यांनी बजावले. आंग्र्यांच्या या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक घ्या, शुल्क भरा, आणि निर्धास्त जा. दस्तक नसेल तर गलबत कुलाब्याला किंवा विजयदुर्गाला नेले जाईल.

इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले आणि त्यांच्या बखरकारांनी ती शिवी दोनशे वर्षे चालवली. ज्याचे दफ्तर आहे, शिक्का आहे, दर ठरलेला आहे, तो चाचा कसा? चाचा पावती देत नाही. पोर्तुगीजांनी कागद मागितला तर तो कायदा आणि आंग्र्यांनी मागितला तर ती लूट, हा न्याय मला तरी पटत नाही. शिक्षक बंधु-भगिनींनी हा मुद्दा वर्गात जरूर काढावा. मुले चांगली भांडतील.

पण आजच्या विषयाच्या दृष्टीने खरी मौज पुढे आहे. १७१२ च्या नोव्हेंबरात आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा इंग्रज अधिकारी त्या लढाईत ठार झाला आणि त्याची तरुण बायको कुलाब्याच्या किल्ल्यात बंदिवान झाली. ३० हजार रुपये मोजून १७१३ च्या आरंभी कंपनीने तिची सुटका करून घेतली आणि त्याच सुमारास तह झाला. तहात आंग्र्यांच्या बाजूने आग्रह होता तो निशाणाबद्दल. इंग्रजांचे निशाण इंग्रज व्यापाऱ्यांच्याच जहाजांवर लागावे, इतरांच्या नाही. हा आग्रह का? कारण मुंबई-सुरतेचे कित्येक व्यापारी इंग्रजांचे निशाण लावून बिनदस्तक आपला माल पुढे दामटत आणि कंपनीची माणसे त्याकडे काणाडोळा करीत. आजच्या भाषेत सांगायचे तर गाडी एकाची आणि नंबराची पाटी दुसऱ्याची! तह झाला तरी तंटा मिटला नाही. हे जहाज खरे कुणाचे, यावरून पुन्हा खटके उडाले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

कागद झाला, पाटी झाली. आता किल्ली.

मोटार आपल्याकडे आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मुंबईत. सुरुवातीला तिला चोरण्याची हिंमत करायला माणूस अंगाने दणकट असावा लागे, कारण पुढे उभे राहून दांडा फिरवल्याशिवाय ती सुरू होत नसे. १९१२ साली अमेरिकेत विजेवर सुरू होणारी मोटार विक्रीला आली आणि ही अडचण गेली. मालकाची गेली, तशी चोराचीही गेली. सुखसोय आणि चोरी यांची ही जोडगोळी तेव्हापासूनची आहे. फोर्डची ती प्रसिद्ध मॉडेल टी घ्या. १९१९ नंतर तिच्या बटणाला किल्ली होती खरी, पण किल्ल्यांचे प्रकार होते अवघे २४, आणि कोणती किल्ली लागेल त्याचा क्रमांक बटणाच्या पत्र्यावरच ठोकलेला! लाखो गाड्या आणि २४ किल्ल्या. ज्याच्या खिशात दोन डझन किल्ल्यांचा जुडगा, तो अर्ध्या अमेरिकेचा मालक.

मग चाकाच्या सुकाणूलाच कुलूप घालायची युक्ती निघाली. पश्चिम जर्मनीने १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत ते सगळ्या मोटारींना सक्तीचे केले, नव्यांना तसेच जुन्यांनाही. चोऱ्या उतरल्या त्या उतरल्याच. इंग्लंडने १९७१ मध्ये तोच नियम केला, पण फक्त नव्या गाड्यांना. तिथे काय झाले? नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. एकूण चोऱ्यांत फारसा फरक नाही. सरकारी नियमात एका शब्दाने केवढा फरक पडतो, पाहा. ज्यांच्याकडे जुनी गाडी, म्हणजे बहुधा ज्यांच्याकडे पैसा कमी, चोरीचा भार त्यांच्यावर सरकला.

जर्मनीचीच आणखी एक गंमत सांगतो. मोटारसायकलवर शिरस्त्राण घातले नाही तर जागेवर दंड, असा नियम तिथे १९८० मध्ये झाला. हेतू डोकी वाचवण्याचा होता. पण त्या वर्षी सुमारे दीड लाख मोटारसायकली चोरीला गेल्या होत्या, त्या १९८६ पर्यंत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. कारण चोर घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. बोडक्याने चोरलेल्या गाडीवर बसला की पहिल्याच नाक्यावर पोलीस थांबवी. ज्या कुलपाचा कुणी विचारही केला नव्हता ते नेमके लागू पडले.

१९९० नंतर किल्लीच्या मुठीत एक बारीक चकती बसू लागली. गाडी तिला बिनतारी संदेशाने प्रश्न विचारते, चकती गुप्त आकड्यात उत्तर देते. उत्तर जुळले तरच इंजिन पेटते. युरोपात ही सोय सक्तीची झाली आणि तारा जोडून गाडी पळवणाऱ्या हौशी चोराचा धंदा बसला. कॅनडाने २००७ मध्ये सक्ती केली, शेजारच्या अमेरिकेने केली नाही. त्याचा परिणाम २०२१-२२ मध्ये दिसला. दोन कोरियन कंपन्यांच्या ज्या स्वस्त गाड्यांत ही चकती बसवलेली नव्हती, त्या अमेरिकेत शाळकरी पोरांनी खेळ म्हणून हजारोंनी पळवल्या. त्याच कंपन्यांच्या कॅनडात विकलेल्या गाड्यांत मात्र ती होती.

तर मग चकतीने प्रश्न सुटला का? नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा एका चकतीचे गुप्त गणित सोडवून दाखवले. तिची गुप्त संख्या ४० अंशांची, म्हणजे आजच्या संगणकाला तोंडी हिशेबासारखी. पुढे दुसऱ्या एका चकतीबाबत इंग्लंड व हॉलंडमधल्या तीन संशोधकांनी तेच केले, तेव्हा २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यांचा निबंध छापायला मनाई केली. तो अखेर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या दोन वर्षांत मालकांना आपले कुलूप कच्चे आहे हे कळले नाही. चोरांना ते कळले नसेल, असे मानायला मात्र माझे मन तयार नाही.

आणि आता तर किल्ली खिशातून काढायचीही गरज उरली नाही. मालक जवळ आला की दार उघडते, बटण दाबले की गाडी सुरू. इथे गाडी मनात एक गृहीत धरते. किल्लीचा आवाज ऐकू आला, म्हणजे किल्ली जवळ आहे. पण घरात खुंटीवर टांगलेल्या किल्लीचा आवाज कुणी दारापर्यंत आणि तिथून गाडीपर्यंत पोचवला तर? २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून पाहिले. दहाच्या दहा गाड्या फसल्या. कुठलेही गुप्त गणित सोडवावे लागले नाही. निरोप्याने निरोप पोचवला, एवढेच. आपल्या आजीच्या गोष्टीतला लांडगा दाराबाहेरून आईचा आवाज काढतो आणि करडे कडी काढतात, ते यापेक्षा वेगळे नाही.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. इथे मला एक अप्रिय गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री माल उतरला. त्यात शस्त्रे होती, आरडीएक्स होते. वाहनांत भरून ते घाट चढून गेले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्याआधी जानेवारीत दिघीला असाच माल उतरला होता. तो घेऊन जाणारी वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती. अडवली आणि सोडली. लाच ठरली, रोकड हाती नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या. हे सारे पुढे न्यायालयात शाबीत झाले, पोलीस व कस्टमचे लोक दोषी ठरले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अखेरचा निकाल दिला. कुलाब्याचे दस्तक जिथे एके काळी इंग्रजांच्या गव्हर्नरालाही चुकवता आले नाही, त्याच मुलखातला नाका त्या रात्री विकला गेला.

पण त्याच प्रकरणात एक उलटी गोष्टही आहे. स्फोटांनंतर वरळीला एक मारुती व्हॅन बेवारशी सापडली. आत शस्त्रे होती. गाडी चोरीची नव्हती. पाटी खरी, कागद खरे. त्या नंबरावरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोचले आणि सगळ्या कटाचा धागा हाती लागला. एवढे सगळे बेमालूम रचणाऱ्यांनी नंबराची पाटी मात्र तशीच ठेवली होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. आत तीन एके-४७ बंदुका. सबंध जिल्हा हादरला, नाकेबंदी झाली. ९३ साल इथल्या लोकांच्या अंगात अजून मुरलेले आहे. पण त्याच दिवशी नौकेच्या नोंदीवरून उलगडा झाला. ती एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, इंजिन बिघडल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी ओमानजवळ सोडून दिलेली आणि वाहवत आलेली. कागद बरोबर असला की संशयही लवकर फिटतो.

म्हणूनच नंबराच्या पाटीला आता इतके जपतात. १ एप्रिल २०१९ पासून देशात प्रत्येक नव्या गाडीला विशेष सुरक्षेची पाटी सक्तीची आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा, कोपऱ्यात अशोकचक्राची चकाकती मुद्रा, लेसरने कोरलेला वेगळा क्रमांक, आणि एकदा ठोकली की न मोडता निघणार नाही असा खिळा. जुन्या गाड्यांनाही ती लावण्याचा हुकूम आपल्या राज्यात निघाला आणि मार्च २०२५ ची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. एमएच-०६ लिहिलेल्या किती तरी खटाऱ्या गाड्या आपल्या आडगावांतून फिरतात. त्यांच्या मालकांना ही पाटी म्हणजे निव्वळ खर्च वाटतो. इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांची गोष्ट मी मघाशी उगाच सांगितली नाही.

विम्याबद्दल दोन शब्द, कारण पत्रांतून नेहमी विचारणा होते. चोरी झाली की आधी चौकीवर फिर्याद. कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या खटल्यात दिला. मात्र त्याने फिर्याद त्याच दिवशी केलेली होती, हे विसरू नये. आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या कंपनी मागते. एक हरवलेली असेल तर ती कधी आणि कशी हरवली, हे वेळीच कुठे तरी लिहून ठेवलेले बरे. समुद्रात उतरताना टायरवर किल्ली ठेवणाऱ्या पाहुण्यांना तर हात जोडून सांगायचे, की ती जागा किहीमपासून मुरूडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

आता त्या टेम्पोचे काय झाले ते सांगतो. तीन आठवड्यांनी तो सापडला, जिल्ह्याबाहेर, एका भंगाराच्या वाड्यात. पाटी बदललेली, हौद्याला नवा निळा रंग. चासीवरचा क्रमांक घासायला घेतला होता पण शेवटचे चार आकडे शाबूत होते. आमच्या मित्रांची बायको बरोबर गेली होती. तिने आकड्यांची वाट पाहिली नाही. रोज सकाळी उदबत्ती लावून लावून समोरच्या फळीवर एक काळा डाग पडला होता, तो तिने दुरूनच दाखवला.

तरी टेम्पो लगेच मिळाला नाही. कोर्ट ताबा देणार नोंदलेल्या मालकाला, आणि नोंदलेला मालक पनवेलला. त्याचा फोन बदललेला, पत्ता बदललेला. शोधायला आणखी दोन आठवडे गेले. तेवढे दिवस भाड्याच्या गाडीने मासळी गेली, आणि भाडे जाऊन हाती काय उरले असेल ते तुम्हीच समजा. तो गृहस्थ भला निघाला. एक दिवसाचा खाडा करून अलिबागला आला, कोर्टात सही केली, खाड्याचे पैसे घेतले नाहीत. नावावर करण्याच्या कागदांवरही तेव्हाच सह्या करून दिल्या. निघताना सहज टेम्पोत चढून बसला, गिअर टाकून पाहिला आणि म्हणाला, “दुसरा अजून अडकतोय की हो!”